मत : एक साक्ष, एक अमानत



निवडणूक जाहीर झाली की जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एक प्रश्न हमखास विचारला जातो, "मौलाना, या वेळी कोणाला?" विचारणाऱ्याला एक नाव हवे असते. मी नाव सांगत नाही. त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी आपल्यापुढे मान्य करतो.

काही वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या निवडणुकीआधी एका उमेदवाराने आमच्या मशिदीच्या वजूखान्याला नवी फरशी बसवून दिली. कमिटीच्या आग्रहावरून मी मिंबरजवळ उभा राहून त्याचे आभार मानले आणि "माणूस चांगला आहे" एवढे एक वाक्य जोडले. तो निवडून आला. वर्ष-दीड वर्षाने एका वृद्ध भगिनीने मला वाटेत थांबवले. त्या म्हणाल्या, "मौलाना, मशिदीत फरशी बसली, चांगलं झालं. पण आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी येतं. घरात वजूला पाणी नसतं. तुम्ही चांगला म्हणालात, म्हणून मी त्याला मत दिलं होतं." त्या रागावल्या नव्हत्या. पण मला रात्रभर झोप आली नाही. त्या माणसाविषयी मला काय ठाऊक होते? केवळ फरशी.

ह. उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. त्यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली. तेव्हा त्यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले. मग त्यांनी स्पष्ट सांगितले की, तू त्याला ओळखतच नाहीस. शेजार, व्यवहार आणि प्रवास या तीन ठिकाणी माणसाचे खरे रूप उघड होते. व्यासपीठावर, बॅनरवर आणि मशिदीच्या पहिल्या सफमध्येही ते झाकलेले राहू शकते.

विसाव्या शतकातील विद्वान मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताचे तीन पैलू सांगितले आहेत. मत ही साक्ष आहे, शिफारस आहे आणि प्रतिनिधित्वाचा अधिकार सोपविणेही आहे. उमेदवाराच्या नावापुढचे बटण दाबताना आपण जणू ग्वाही देतो की, हा मनुष्य या कामास पात्र आणि विश्वासू आहे. ती ग्वाही जाणूनबुजून खोटी असेल, तर ती खोटी साक्ष ठरते, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खोट्या साक्षीची गणना महापापांत केली आहे. शिफारशीविषयी कुरआनचा बोध असा की, चांगल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याचा वाटा असतो आणि वाईट शिफारशीच्या भारातही तो वाटेकरी होतो (४ : ८५). निवडून आलेल्याच्या पाच वर्षांच्या कामात आपलाही हिशेब गुंतलेला आहे.

मग उमेदवारात पाहावे काय? कुरआनने दोन गुण एकत्र सांगितले आहेत. मदयनमध्ये ह. मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याची सूचना करताना त्या कन्येने पित्याला कारण दिले की, ते सामर्थ्यवान आणि विश्वासू आहेत (२८ : २६). ह. यूसुफ (अ.) यांनी इजिप्तच्या भांडारांची जबाबदारी घेताना आपण रक्षण करणारे आणि जाणकार आहोत, असे सांगितले (१२ : ५५). दोन्ही ठिकाणी क्षमता आणि सचोटी यांची जोडी आहे. ह. अबू जर (रजि.) यांच्या ईमानाबद्दल कोणाला शंका असेल? तरीही त्यांनी पद मागितले तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सांगितले की, तुम्ही दुर्बल आहात आणि हे पद अमानत आहे. केवळ धार्मिकता पाहून मत देणाऱ्यांनी या हदीसवर विचार करावा. नगरसेवकाला पाणीपुरवठ्याचा आराखडा समजला पाहिजे, अधिकाऱ्याला जाब विचारता आला पाहिजे आणि ठेकेदाराचे पाकीट परत करता आले पाहिजे.

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो आपण मोठ्याने विचारत नाही : "तो आपला आहे काय?" आपल्या समाजाच्या सुरक्षिततेची आणि सन्मानाची चिंता खोटी नाही. ती उमेदवाराला जरूर विचारावी. परंतु कुरआन आपल्याला न्यायाची साक्ष देण्यास सांगतो, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना (४ : १३५). कोणा समूहाच्या वैरानेही न्यायापासून ढळू नये, असेही तो बजावतो (५ : ८). म्हणून पाहायचे ते हे की, हा मनुष्य दुर्बलांना न्याय देईल काय, मग ते कोणत्याही वस्तीतील असोत. आपल्या नावाचा पण गल्लीचे पाणी विकणारा आपला कसा? आणि परक्या नावाचा पण आपल्या हक्कासाठी उभा राहणारा परका कसा?

पैशाविषयी तर मुभाच नाही. ज्यांच्याकडे अल्लाह पुनरुत्थानाच्या दिवशी पाहणार नाही, अशा तिघांत प्रेषित (स.) यांनी त्याचाही समावेश केला आहे, जो केवळ सांसारिक लाभासाठी नेत्याशी निष्ठेची प्रतिज्ञा करतो, मिळाले तर पाळतो, न मिळाले तर मोडतो. मतदानाच्या आदल्या रात्री दारात येणारे पाकीट यापेक्षा वेगळे काय आहे? देशाचा कायदाही देणारा आणि घेणारा अशा दोघांना दोषी मानतो.

"आम्ही सामान्य माणसे, उमेदवाराला कसे ओळखणार?" असे कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनंतर उमेदवाराला आपल्यावरील गुन्हेगारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रात जाहीर करावे लागते. ते शपथपत्र सर्वांना पाहता येते. घरातील शिकलेल्या मुलामुलींना ते मोठ्याने वाचायला सांगा. खटला दाखल झाला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे. म्हणून त्याची चौकशीही करा. त्याच्या शेजाऱ्यांना, कामगारांना, त्याच्याकडून येणे असलेल्यांना विचारा. ह. उमर (रजि.) यांचे तीन प्रश्न आजही उपयोगी आहेत.

कोणीच पूर्ण पात्र नसेल तर? दोन हानींपैकी कमी हानी स्वीकारावी, हा फिक्हचा प्रसिद्ध नियम आहे. घरी बसून राहणे हा त्यावरचा उपाय होत नाही, कारण साक्ष लपविणाऱ्याचे हृदय कुरआनने पापी म्हटले आहे (२ : २८३).

त्या भगिनींची मी क्षमा मागितली. त्यांनी क्षमा केली. पण मिंबरजवळून दिलेली साक्ष परत घेता येत नाही, आणि यंत्रात नोंदलेले मतही. म्हणून पायरीवर नाव विचारणाऱ्याला मी आता उलट विचारतो, "भाई, त्याच्याविषयी आपल्याला स्वतःला काय ठाऊक आहे?"

अल्लाह आपणा सर्वांना खरी साक्ष देण्याची तौफीक देवो. आमीन.