ठसा आणि मूर्ती

वास्तू ‘पाहायला’ जाणे आणि देवाच्या ‘दर्शनाला’ जाणे या दोन क्रिया मराठी माणूस बोलताना सहज वेगळ्या ठेवतो. मालवणसमोरच्या कुरटे बेटावरील सिंधुदुर्गात मात्र त्या एकमेकींत मिसळतात. 1664 मध्ये पायाभरणी होऊन सुमारे तीन वर्षांत उभा राहिलेला हा जलदुर्ग 48 एकरांवर पसरला असून, होडी अगदी जवळ येईपर्यंत तटाच्या वळणात दडलेला त्याचा मुख्य दरवाजा दिसतही नाही. या दरवाज्याजवळच्या तटावर, लहान घुमट्यांखाली, शिवरायांच्या हाताचे व पायाचे म्हणून परंपरेने मानलेले चुन्यातील ठसे आहेत. तेथून आत गेल्यावर शिवराजेश्वराचे मंदिर लागते, जे 1695 मध्ये राजाराम महाराजांनी बांधविले असे मानले जाते आणि जेथे शिवरायांची बैठी, दाढी नसलेली मूर्ती नित्य पूजली जाते.

न्यायदर्शनात ‘लिंग’ म्हणजे ज्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान करता येते ती खूण, जसा अग्नीचा धूर. ठसा हे असे लिंग आहे: ओल्या चुन्यावर कोणीतरी तळहात टेकवला होता, एवढे तो श्रद्धेवाचून सांगतो. मूर्तीचे तसे नाही; प्राणप्रतिष्ठेने, म्हणजे मंत्रपूर्वक आवाहनाने, पूज्याचे सान्निध्य तिच्यात मानले जाते. मग माणूस गाभाऱ्यात बसला म्हणजे देव झाला काय? गीतेच्या दहाव्या अध्यायात मनुष्यांमधील राजाला ईश्वराची विभूती म्हटले आहे. पण विभूती म्हणजे ऐश्वर्याचा आविष्कार, स्वतः ईश्वर नव्हे, आणि हा भेद विसरला की पूजा कर्तृत्वाचा अभ्यास करण्याच्या कष्टातून सुटण्याची पळवाट बनते.

अभ्यास आणि पूजा या दोहोंची ओढ दूरून येणाऱ्यांतही दिसते. बेंगळुरू ही एके काळी शहाजीराजांची जहागीर होती आणि शिवरायांच्या बालपणाचा काही काळ तेथे गेला. आज त्याच शहरातील मारतहळ्ळीत राहणारे एखादे मराठी कुटुंब सुटीत मालवणला येते, तेव्हा त्याला येथे इतिहास हवा असतो आणि आधारही. या दोन्ही अपेक्षा प्रामाणिक आहेत. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि त्यांच्या काठाशी उभे राहिल्यावर जागा निवडणाऱ्याची दृष्टी जितकी कळते, तितकी ती केवळ आरतीने कळत नाही. या किल्ल्यात दरवाज्यापाशी ठसा आधी भेटतो आणि गाभारा मागाहून, त्यामुळे मूर्तीपुढे जोडले जाणारे हात त्या दुसऱ्या हाताची खूण पाहून आलेले असतात.