आबनुसाच्या सावलीत

जरा निवांत बसा. पाठ टेकायची असेल तर टेका. आज एकाच झाडाचं मनन करायचं आहे. ते झाड घाईतलं नाही, आपणही घाई करू नये.

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याला, माहेबूर गावाजवळ, समुद्रात किलोमीटरभराच्या आतच ईल ओ एग्रेत नावाचं बेट आहे. जेमतेम २६ हेक्टरचं. मनाने तिथं उभे राहा. पायाखाली प्रवाळाचा खडक, भोकाभोकांचा, टोचणारा. माती कपारींत साठलेली तेवढीच. त्या कपारीत वीतभर उंचीचं एक रोप आहे. आबनुसाचं. आपल्या टेंभुर्णीच्या गणगोतातलं, पण फक्त मॉरिशसचं.

त्या रोपाकडे पाहत राहा. काहीच घडत नाही ना? पुढच्या वर्षी याल तेव्हाही फारसं घडलेलं नसेल. नर झाड वेगळं, मादी वेगळं. आपण जपतोय ते यातलं कोणतं, हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि फुलं यायला कितीतरी वर्षं जातात. तेवढी वर्षं नाव न ठेवता जपायचं.

आता नजर थोडी बाजूला न्या. रोपाशेजारी एक कोंब आहे, बारीक पानांचा, तरतरीत. ही सुबाभूळ. १९८०च्या आसपास आपल्याकडे चाऱ्यासाठी, सरपणासाठी बांधाबांधावर लावा म्हणून जिची भलामण झाली, तीच. मूळची मध्य अमेरिकेकडची. या बेटावर ती आगंतुक, आणि आबनूस एक पान काढेपर्यंत ही डोक्याएवढी होते. चिमटीत धरा, मुळासकट ओढा. वरून खुडली तर चौपट फुटते. आबनुसाची निगा म्हणजे बहुतेक हेच काम. झाडाला हात कमी लागतो, त्याच्या भोवतालाला जास्त. खरं सांगायचं तर दिवसभराच्या खुरपणीनंतर मननाचं नावही नको वाटतं. तरी ओढलेला प्रत्येक कोंब म्हणजे त्या रोपाला थोडं जास्त ऊन.

थोडं थांबा. आता मोठ्या झाडाखाली या. फळं पडलीत, आणि पडली तिथंच आहेत. आईच्या सावलीत बिया दाटीवाटीने रुजतात, पण दूर जातील कशा? इथली महाकाय कासवं पूर्वी ही फळं खात आणि बिया लांब नेऊन टाकत. मॉरिशसची ती कासवं एकोणिसाव्या शतकात संपली. झाडं राहिली, त्यांचा वाहक गेला.

२००० साली या बेटावर सेशेल्समधल्या अल्डाब्राची कासवं आणून सोडली. परकी, पण स्वभावाने तशीच. एक कासव येतंय असं समजा. मान लांबवून ते फळ उचलतं, चावल्यासारखं करतं, गिळतं. मग बी त्याच्या पोटात कित्येक दिवस, कधी आठवडे काढते आणि शेणासोबत भलतीकडेच बाहेर पडते. पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजतात, हे तिथल्या अभ्यासकांनी २०११ साली दाखवून दिलं. जिथं सरपणासाठी १९८०च्या सुमारापर्यंत तोड चालली होती, त्या उघड्या जागांवर आता कासवांनी टाकलेल्या बियांची रोपं उभी आहेत. माणसाने केलं काय, तर कासव आणलं आणि वाटेतून बाजूला झाला. मला हे फार आवडतं.

आता मनाने खोडावर तळहात ठेवा. ज्यासाठी आबनूस तोडला गेला ते काळं लाकूड या सालीखाली, बाहेरच्या फिक्या लाकडाच्याही आत असतं. १६३८ साली डच मॉरिशसवर वस्तीला आले आणि मोठमोठ्या झाडांचा हाच गाभा जहाजांत भरून नेत राहिले. १७१० साली ते निघून गेले. तोड मात्र पुढच्यांनी चालू ठेवली. नंतर उसाने उरलेलं रान खाल्लं. त्या उसाच्या कामाला एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडचीही माणसं गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं गणपती बसवतात.

गाभा काळा झाला का, हे झाड पाडल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे जो हे झाड जपेल त्याला त्याचं काळेपण कधीच दिसणार नाही. या विचारापाशी थोडं रेंगाळा. काही हरवल्यासारखं वाटतं का? मला आधी वाटायचं, आता वाटत नाही.

तिथला मोठा पाऊस डिसेंबरनंतरचा, लागवड त्याच्या तोंडावर. तोवर सुबाभूळ पुन्हा फुटलेली असेल, त्या कपारीपासूनच सुरुवात करा.