ग्रीसने माखलेल्या हातांची पूजा

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४६

ज्याच्यापासून सगळे जीव आले, ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या कामानेच करावी, असं भगवंत इथे सांगतात. ज्ञानेश्वर माउली तर स्वकर्माला फुलांचीच उपमा देतात. ऐकायला गोड वाटतं. पण कारखान्यातल्या मेंटेनन्स फिटरने हे फूल वाहायचं कसं?

खंडेनवमीला तो मशीनला हार घालतो, नारळ फोडतो. छानच आहे. पण बाकीच्या दिवसांचं काय?

पॉवर प्रेसचं उदाहरण घेऊ. वरचा पंच खालच्या डायवर आदळतो आणि पत्रा कापला जातो. ऑपरेटरचा हात मध्ये सापडू नये म्हणून बऱ्याच मशीनवर दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक होतो. काहींना समोर सेन्सर असतो. समजा, तो सेन्सर बिघडला. नवीन यायला दोन दिवस लागणार. वरून निरोप येतो, “तात्पुरतं बायपास कर, माल पाठवायचाय.” बायपास कसं करायचं ते फिटरला बरोबर माहीत असतं. एक वायर जोडली की झालं.

आता श्लोक पुन्हा वाचा. त्याने सगळं व्यापलंय, म्हणजे प्रेससमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरमध्येही तोच आहे ना? ज्याची पूजा करायची, त्याचाच हात डायमध्ये जाणार आहे! अशा वेळी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावणं आणि चावी आपल्या खिशात ठेवणं, हेच त्या दिवशीचं फूल.

कोणी म्हणेल, थोडा धोका सगळ्याच कामात असतो. गीतेतच पुढे (१८.४८) म्हटलंय की अग्नीला धूर असतो तसा प्रत्येक कर्माला दोष असतोच. खरंय. पण धूर आपोआप येतो. बायपासची वायर मात्र माणूस जोडतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकलो तर जुनं व्हर्जन परत आणतो. तुटलेलं बोट असं परत आणता येत नाही.

ठेकेदारीवरच्या फिटरला “नाही” म्हणणं सोपं नसतं, नोकरीचा प्रश्न असतो. म्हणून आज त्याच्यासाठी धैर्य मागूया. आणि आपण त्याच्या साहेबाच्या खुर्चीत बसत असू, तर तसा निरोप आपल्या तोंडून कधी न जावो, हेही मागूया.

रामकृष्ण हरी.