मीटरवरचा आकडा कोणाचा?

जुन्या मोटारीचा संपूर्ण जीर्णोद्धार झाल्यावर, म्हणजे पत्र्यापासून इंजिनापर्यंत झिजलेला प्रत्येक भाग दुरुस्त करून किंवा बदलून गाडी कारखान्यातून निघाली होती तशी उभी केल्यावर, तिच्या ओडोमीटरवरचा, म्हणजे आजवर कापलेले एकूण अंतर दाखवणाऱ्या मीटरवरचा, आकडा शून्यावर आणावा की नाही, हा प्रश्न वरवर हौशी मंडळींचा वाटत असला तरी त्याच्या मुळाशी वस्तूची ओळख तिच्या भागांत असते की वाटचालीत, हा जुनाच पेच आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, आणि दर वेळी नकार मिळाल्यावर दाखवून देतो की रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारापुरते दिलेले नाव आहे. त्या रथाला मीटर नव्हते, ही नागसेनाची सोयच म्हणायची.

यंत्रमागांच्या भिवंडीने हा पेच आपल्यापुरता केव्हाच निकालात काढला आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे, म्हणजे माग, येथील कारखान्यांत येत राहिले, आणि १९८२ च्या संपानंतर तर कापडाचे उत्पादनच गिरण्यांकडून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे सरकत गेले. अशा साच्याचा धोटा झिजतो, पट्टे तुटतात, दातेरी चाके बदलली जातात, मोटर दुसरी बसते, आणि शेवटी मूळचा म्हणावा असा बिडाचा सांगाडा तेवढा उरतो. त्यावर आजवर किती कापड विणले गेले, याची विचारपूस कोणी करत नाही, कारण मजुरी आज उतरलेल्या कापडावर ठरते आणि साच्याची किंमत त्याच्या आजच्या चालीवर. मीटर शून्यावर आणू पाहणारा मोटारमालक नेमक्या याच नजरेने गाडीकडे पाहतो: इंजिन बोअर करून नवे पिस्टन घातले, गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधला, मग जुने किलोमीटर आता कोणाच्या नावावर मांडायचे?

युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा, पण तो मीटरला न दिलेले काम त्याच्या गळ्यात बांधतो. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये गिअरबॉक्सकडून आलेली केबल आकड्यांची चाके फिरवते आणि एक चाक पुरते फिरले की शेजारचे एक घर पुढे सरकते. झीज किती झाली, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. केबल तुटली तर गाडी धावत राहते आणि आकडा जागीच थांबतो, मोठ्या घेराचे टायर बसवले तर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर नोंदले जाते, आणि त्या काळच्या अनेक गाड्यांत पाचच घरे असल्याने ९९,९९९ नंतर मीटर आपणहून शून्यावर येते. इंजिनाची प्रकृती पाहायची तर मेकॅनिक कॉम्प्रेशन तपासतो, मीटर नव्हे. एवढा कच्चा आकडा पुसला तर बिघडले काय, असेही कोणी म्हणेल. परंतु साक्षीदार अर्धवट बोलतो म्हणून त्याचे तोंड बंद करण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत एका फेरीचा हिशेब आणि सगळ्या वाटचालीची नोंद यांतला भेद डोळ्यांसमोर होता. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्यात भाड्याचे मीटर प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने पाडले जाई, कारण तो हिशेब त्या फेरीपुरता होता. डॅशबोर्डावरचे मीटर मात्र सगळ्या फेऱ्यांचे होते. जीर्णोद्धारानंतरची नवी फेरी मोजायची असेल तर ट्रिप मीटर किंवा साधी वही पुरेशी आहे.

कायद्याचा कलही वाटचाल जपण्याकडेच आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणजे गाडीचा जुनेपणा हीच तिची किंमत, आणि तीच मीटरवर पुसायची, हे तर्काला धरून नाही. अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्याने मीटर मागे फिरवण्यास बंदी घातली, मात्र दुरुस्तीत जुना आकडा राखता येत नसेल तर मीटर शून्यावर आणून डाव्या दाराच्या चौकटीवर आधीचा आकडा आणि तारीख लिहिलेली सूचना लावण्यास सांगितले. ही तरतूद आपल्याकडेही अनुकरणीय आहे, कारण शून्यात खोटेपणा नाही, तो लपवालपवीत आहे, आणि घेणाऱ्याला फसवण्यासाठी मीटर फिरवणे ही सरळ फसवणूकच ठरते.

तेव्हा मीटर चालू स्थितीत असेल तर आकड्याला हात लावू नये. मीटरच बदलावे लागले तर जुन्या आकड्याचे छायाचित्र, तारीख आणि कामाची बिले एका फाइलीत लावून ती आरसी बुकाबरोबर पुढच्या मालकाच्या हाती द्यावी.