मावंदे आणि अल्बम : प्रवासस्मृतीच्या वाटणीचा नैतिक प्रश्न

१

प्रवासाहून परतलेल्या माणसाने आपण काढलेली छायाचित्रे घरी आलेल्यांपुढे मांडावीत आणि एकेका चित्रामागची हकीकत सांगावी, हा प्रसंग मराठी जीवनात इतका रुळलेला आहे की त्यामागे काही तात्त्विक प्रश्न दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. विनोदी लेखनाने त्याची दखल घेतली ती कंटाळ्याचा विषय म्हणून : दाखवणारा उत्साही, पाहणारा केविलवाणा. समीक्षेने तर ती तेवढीही घेतली नाही. हौशी छायाचित्र कला म्हणून कच्चे आणि दस्तऐवज म्हणून क्षुल्लक. तेव्हा दोन्ही अंगांनी ते विचारकक्षेबाहेर राहिले. परंतु कलामूल्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक वेगळा प्रश्न शिल्लक उरतोच. स्मृती ही ज्याची त्याची असते. मग ती 'वाटणे' म्हणजे नेमके काय करणे? आणि जो ती ऐकतो, त्याला या व्यवहारात काही दिले जाते की त्याच्याकडून काही घेतले जाते?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका जुन्या प्रथेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. काशीयात्रेहून परतलेला यात्रेकरू मावंदे घालीत असे. गंगोदकाने भरलेला, तोंड बंद केलेला गडू पूजेत मांडला जाई, आप्तेष्टांना व गावकऱ्यांना भोजन दिले जाई आणि गंगोदक तीर्थ म्हणून सर्वांना मिळे. या विधीतील तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, वाटले जाते ते यात्रेकरूने काय पाहिले हे नव्हे, तर यात्रेचे फळ. दुसरी, ज्यांना ते मिळते ते केवळ श्रोते नसतात. त्यांनी मागे राहून घर, गुरे, शेत सांभाळले म्हणून यात्रा घडली, आणि म्हणून फळात त्यांचा वाटा असतो. तिसरी, मावंद्याला शेवट असतो. ते एकदा घातले की यात्रेकरू पुन्हा गावातला एक होतो. मावंदे, थोडक्यात, उपकाराची फेड असते. अल्बम दाखवण्याचा प्रसंग हा मावंद्याचा वारस मानला, तर या वारसाने वडिलार्जित ऋण स्वीकारले आहे की नाही, हे तपासणे क्रमप्राप्त ठरते.

२

पिंपरी-चिंचवड हे या तपासणीचे योग्य स्थळ आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आणि मोटारींचे, स्कूटरांचे मोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. शेतीवाडीची गावे एका पिढीच्या आत कारखान्यांचे शहर बनली. या शहरात आलेला कामगार सातारा, मराठवाडा, खानदेश, कोकण येथून आलेला, बहुधा आपल्या घराण्यातील पहिला मासिक पगार घेणारा होता. त्याच्या आईवडिलांनी प्रवास केला तो वारीचा, जत्रेचा किंवा पोटासाठी. केवळ पाहण्यासाठी प्रवास करणे ही त्याच्या घरात नवी गोष्ट होती. सार्वजनिक क्षेत्रातून आणि पुढे वेतनकरारांतून रजाप्रवासाची सवलत मिळू लागली, तेव्हा उटी, कन्याकुमारी, काश्मीर ही नावे कामगार-वसाहतींतील बोलण्यात आली.

या प्रवासाबरोबर कॅमेरा आला, तोही बऱ्याचदा मागून आणलेला. अ‍ॅग्फा क्लिक थ्री या पेटीवजा कॅमेऱ्यात एका रिळावर बारा चित्रे निघत. दहा-बारा दिवसांच्या प्रवासाला बारा चित्रे, म्हणजे दिवसाला जेमतेम एक. कोठे चाप दाबायचा आणि कोठे नाही याचा कुटुंबात विचार होई, कधी वादही. त्यामुळे अशा अल्बमातील प्रत्येक चित्रामागे न काढलेल्या अनेक चित्रांची स्मृती उभी असते. सांगणारा चित्र दाखवताना 'येथे रीळ संपले' असे म्हणतो आणि पुढे जे वर्णन करतो, ते पुष्कळदा दाखवलेल्या चित्रापेक्षा समृद्ध असते.

परंतु हाच अल्बम थोडा अलिप्तपणे चाळला तर एक चमत्कारिक रिक्तता दिसते. त्यात उटीचे उद्यान आहे, शिकारा आहे, कन्याकुमारीचा सूर्यास्त आहे. पण ज्या यंत्रासमोर त्या माणसाच्या आयुष्याची तीस वर्षे गेली ते यंत्र नाही. कारखान्याच्या फाटकाआत कॅमेरा नेण्यास मनाई असते, हे त्याचे एक कारण. पण एकमेव नव्हे. मनाई नसलेल्या गोष्टीही त्यात नाहीत. कंपनीच्या बसची सकाळची रांग नाही, रात्रपाळीचा डबा नाही, पवनेचा घाट नाही, निगडी-चिखलीची तेव्हा शिल्लक असलेली शेते नाहीत. घर ही पाहण्याची जागा नव्हे आणि काम हा स्मरणाचा विषय नव्हे, अशी विभागणी कॅमेऱ्याने न सांगता करून टाकली. आकुर्डीच्या दुचाकी कारखान्यातील उत्पादन २००७ साली थांबले. २०२२ साली तेथे विजेवरील दुचाकींसाठी नवा कारखाना उभा राहिला. पण मधल्या काळात जे संपले ते तेथे राबलेल्यांच्या अल्बमांत शोधून सापडणार नाही. वर्षातील पंधरा दिवसांना चेहरा मिळाला आणि उरलेले साडेतीनशे दिवस निराकार राहिले.

३

सुझन सोंटॅग यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पर्यटकाच्या छायाचित्रणावर एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. कामाच्या कठोर नीतीत वाढलेल्या समाजांतील माणसाला सुटीतील रिकामेपण अस्वस्थ करते. कॅमेरा त्याला कामासारखे काहीतरी करायला देतो आणि ती अस्वस्थता शमवतो, असा त्यांचा आशय आहे. त्यांच्यासमोर जर्मन, जपानी आणि अमेरिकन पर्यटक होते. हे निरीक्षण पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला जसेच्या तसे लावता येईल काय? अंशतः लावता येईल. पण येथे रजा ही दोषभावनेची जागा नव्हती. ती संघटनेने मिळवलेला हक्क होती. म्हणून त्या चित्रांत अस्वस्थतेपेक्षा अभिमान अधिक आहे, आणि तो अभिमान पोकळ नाही. गावाकडच्या आईच्या हातात समुद्राचे चित्र ठेवताना तो कामगार तिला जे देत होता त्याची जात गंगोदकाची होती : जी स्वतः कधी जाणार नाही तिला जाऊन आल्याचा अंश.

तरीही या अभिमानातच नैतिक प्रश्नाची गाठ आहे. काश्मिरी पोशाख भाड्याने घालून काढलेल्या चित्रात पोशाख देणारा दिसत नाही. शिकाऱ्यातील कुटुंब चौकटीच्या मध्यभागी असते. वल्हवणारा कडेला अर्धा कापला गेलेला असतो. त्याला वगळण्याचा हेतू नसतो. चौकट जुळवताना तो आपोआप बाहेर जातो. मात्र ज्या माणसाच्या स्वतःच्या श्रमाचे एकही चित्र निघाले नाही, त्यानेच दुसऱ्याच्या श्रमाला चौकटीबाहेर ठेवावे, यातील विपर्यास दृष्टीआड करता येत नाही. पाहण्याची जी रीत त्याला अदृश्य करते, तीच रीत तो रजेवर गेल्यावर नकळत वापरतो.

कुटुंबाच्या आतही हीच वगळणूक घडते. कॅमेरा धरणारा स्वतः चित्रात नसतो; पण अल्बम दाखवताना बोलतो बहुधा तोच, आणि अनुपस्थितीची भरपाई निवेदनाने करून घेतो. त्याच प्रवासाची त्याच्या पत्नीची स्मृती वेगळी असते. धर्मशाळेतील स्टोव्ह, मुलाला आलेला ताप, मोजून ठेवलेले पैसे या गोष्टी ती स्वयंपाकघरात, दुसऱ्या श्रोत्यांना सांगते. एकाच संहितेचे हे दोन निवेदक आहेत, आणि चित्रे त्यांपैकी एकाच्याच बाजूने साक्ष देतात.

४

येथे असा आक्षेप घेतला जाईल की छायाचित्र निदान खोटे बोलत नाही. स्मृती मात्र बोलते. चित्राचा आधार नसेल तर सांगणारा वाहवत जाईल. या आक्षेपाला मराठी वाङ्मयातच एक उत्तर आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून कुटुंबाचे कर्ज फेडावे या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा संहार त्यांनी पाहिला. वाटेत ते लुटले गेले. पण गंगेची कावड घेऊन ते घरी परतले आणि तिने आईवडिलांना स्नान घातले. 'माझा प्रवास' त्यांनी लिहिला तो सुमारे पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९०७ साली, तोही वैद्यांच्या संस्कारांसह, आणि मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती निघाली १९६६ साली. त्यात तपशिलाच्या चुका आहेत आणि ऐकीव गोष्टीही आहेत. तरी त्या स्मृतीला वजन आहे, कारण ती कोणीतरी मागितली होती. ऐकणारा आधी होता, सांगणे नंतर आले. अल्बमच्या प्रसंगात हा क्रम उलटतो. चित्रे आधीच तयार असतात आणि ऐकणाऱ्याने कुतूहल नंतर आणायचे असते. कंटाळ्याचे मूळ चित्रांच्या सामान्यपणात नसून या उलटलेल्या क्रमात आहे.

रोलां बार्थ यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रविषयक ग्रंथात आईच्या बालपणीच्या एका चित्राभोवती सारे विवेचन गुंफले. आणि तेच चित्र ग्रंथात छापण्याचे मात्र नाकारले. इतरांच्या दृष्टीने ते असंख्य सामान्य चित्रांपैकी एक ठरेल, त्यात त्यांना घायाळ करणारे काही नसेल, हे त्यांचे कारण. यावरून स्मृती वाटताच येत नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण बार्थनी चित्र झाकले आणि त्यामागचे दुःख मात्र पुस्तकभर वाटले, हेही तितकेच खरे आहे. वाटण्याजोगी वस्तू चित्र नव्हती. चित्राने ज्या अभावाकडे बोट दाखवले तो अभाव होती. आईवडिलांचा अभाव प्रत्येक वाचकाजवळ असतो किंवा येणार असतो. म्हणूनच तो देता आला आणि घेताही आला.

याच परिसरातील एक परंपरागत कथा या संदर्भात आठवते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, ही श्रद्धा सर्वश्रुत आहे; अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून गाथा राहिली, असाही तिचा अर्थ लावला जातो. ते अभंग उतरून घेणारे म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते, ते संताजी जगनाडे चाकणचे. कागद बुडू शकतो, आणि तोंडपाठ असलेलेही माणसाबरोबर जाते. टिकते ते दोहोंच्या देवघेवीत. छायाचित्राला हे लागू करायचे तर असे म्हणता येईल की चित्र ही वही आहे, आणि ती कोणाच्या तरी मुखात जात नाही तोवर तिचे राहणे हे केवळ वस्तूचे राहणे आहे.

५

मग अल्बम दाखवणे मावंद्याच्या पंगतीला केव्हा बसते? चित्राचे वर्णन करणे थांबवून सांगणारा जेव्हा चित्राबाहेर राहिलेल्यांना आत आणतो, तेव्हा. ज्या सोबत्याने पाळी बदलून दिली म्हणून रजा मिळाली तो, कडेला कापला गेलेला वल्हवणारा, घराची किल्ली सांभाळणारी शेजारीण, आणि ताप मोजत जागलेली पत्नी, हे सारे त्या प्रवासाचे ऋणको नव्हेत, धनको आहेत. त्यांचा उल्लेख हा शिष्टाचार नसून हिशेब आहे. अशा कथनात ऐकणाऱ्यालाही जागा मिळते, कारण तोही केव्हातरी कोणाच्या तरी प्रवासात मागे राहिलेला असतो.

आज मोबाईलमुळे बारा चित्रांची जागा बाराशेंनी घेतली आहे आणि ती प्रवास संपण्यापूर्वीच सर्वत्र पोहोचतात. कारखान्यांचा पट्टा चाकणपर्यंत पसरला आहे आणि तेथील कंत्राटी कामगाराच्या खिशातही कॅमेरा आहे. साधनाची टंचाई संपली. पण परतणे आणि सांगणे यांतील अंतर नाहीसे झाल्याने मावंद्याला लागणारा मुहूर्तही नाहीसा झाला. 'येथे रीळ संपले' असे म्हणण्याची सोय आता नाही. काय वगळले हे त्यामुळे अधिकच झाकले जाते.

दरम्यान निगडी-आकुर्डीच्या घरांतून पहिली पिढी ओसरत आहे आणि अल्बम मुलांच्या हाती येत आहेत. चित्रांतील स्थळे ओळखता येतात, माणसे अर्धीमुर्धी, आणि उटीच्या उद्यानात उभ्या असलेल्या त्या कुटुंबासाठी दोन आठवडे कोणी जादा पाळ्या केल्या, हे सांगणारा बहुतेक घरांत उरलेला नाही. जेथे तो अजून आहे, तेथे त्याला विचारणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे. मावंद्याचा गडू यजमान फोडतो हे खरे. पण पंगतीला कोणी आलेच नाही तर तो तसाच बंद राहतो.