आजचं चिंतन : गीता 9.10, देखरेख कुणाची?



आजच्या श्लोकात भगवंत स्वतःला 'अध्यक्ष' म्हणवून घेतात. चराचराला जन्म देते ती प्रकृती. त्यांची नुसती देखरेख. कोडच्या भाषेत, प्रत्येक ओळ ते स्वतः टाइप करत बसलेले नाहीत. इथे आलो की तरुण मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. विश्वाचे नियम जीवसृष्टीला इतके बरोब्बर जुळतात, मग हाच देवाचा पुरावा नाही का?

आधी नियम कसे आहेत ते बघू. आमच्या वारूळवाडी-नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. 2023 मध्ये जाहीर झालं की तिने 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा सिग्नल पकडलाय. विश्वाच्या प्रसरणाने लहर ताणली गेली होती, पण तो ताण वजा केला की तीच 1420 मेगाहर्ट्झची खूण, आपल्या प्रयोगशाळेतल्या हायड्रोजनची. म्हणजे पृथ्वी जन्मायच्या आधीही हाच नियम चालू होता. मध्ये एकही व्हर्जन बदललं नाही! (आम्हाला दर दोन आठवड्यांनी रिलीज लागतो.)

आता जुळण्याची गोष्ट. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात शिजला. हेलियमचे दोन अणुगर्भ चिकटतात, पण ती जोडी सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात फुटते. तेवढ्यात तिसरा येऊन मिळाला तरच कार्बन. फ्रेड हॉईल यांनी 1953 च्या सुमारास तर्क मांडला: कार्बनच्या अणुगर्भात 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर एवढा कार्बन तयारच होणार नाही. अमेरिकेत कॅल्टेकला प्रयोग झाला आणि ती पातळी सापडली. हेच हॉईल आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

अंगावर काटा येतो, कबूल. पण पुरावा म्हणून हे मी कुणापुढे ठेवणार नाही. एक तर ती पातळी थोडी सरकली तरी बराच कार्बन बनतो, असं नंतरच्या गणितांतून दिसलं. दुसरं, नारायणगावच्या द्राक्षवेलीला वाटेल की ही माती खास माझ्यासाठीच केली. जिथे वेल जगलाच नाही तिथे प्रश्न विचारायला कोण आहे? आणि समजा, उद्या कुणी या आकड्यांचं कारण शोधून काढलं, तर त्या दिवशी आपली भक्ती अनइन्स्टॉल करायची का? विज्ञानाला अजून न सुटलेल्या गणितात देव बसवायचा म्हणजे त्याला भाड्याच्या खोलीत ठेवण्यासारखं आहे.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. पाणी गोठताना फुगतं, बर्फ तरंगतो, म्हणून थंड देशांतल्या तळ्यांत बर्फाखाली मासे जगतात. तेच पाणी गार होऊन ऐन काढणीच्या द्राक्षबागेवर कोसळतं. पेशीची नक्कल करताना डीएनएत चुका होतात, त्यातूनच उत्क्रांती झाली आणि आपण आलो. तशाच चुकांतून एखाद्या पाच वर्षांच्या पोराला कॅन्सर होतो. त्या घरात जाऊन 'नियम किती छान जुळलेत बघा' म्हणायची माझी तरी हिंमत नाही. नियम जीवनाला अनुकूल आहेत, पण ते तुमच्या-माझ्या बाजूचे नाहीत.

आणि गीता तसं वचन देतच नाही. याच अध्यायात, श्लोक 29 मध्ये, भगवंत सांगतात की ते सगळ्यांना सम आहेत, त्यांना ना कुणी नावडता ना कुणी लाडका. माउलींनी तर या अध्यायात घरात ठेवलेल्या दिव्याचा दृष्टांत दिलाय. दिवा कुणाला कामाला लावत नाही, कुणाला अडवतही नाही.

मग हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून नाम घेणाऱ्या आईने काय मागायचं? श्लोक 29 चा उत्तरार्ध म्हणतो, जे भक्तीने भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात. मला यात सोबतीचं वचन ऐकू येतं, नियम बदलण्याचं नाही. ती माउली मात्र दोन्ही मागते, आणि तिला 'असं मागू नये' म्हणणारा मी कोण?

उद्या श्लोक 11 घेऊ.