धक्क्याचा जय

आमच्या अंधेरीच्या महामार्गावर कुणी गाडी आडवी घातली की ‘कट मारला’ म्हणून आपण चार शिव्या मोजतो. अमेरिकेतल्या ‘नॅस्कार’ शर्यतींत मात्र गाडीला गाडी घासणे हा खेळच समजतात. त्यात नवल नाही. कबड्डीत पाय धरल्याची तक्रार कोण करतो? पण चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून दम बंद पाडला, तर तो अपराध.

2024 च्या ऑगस्टमध्ये रिचमंडला शर्यत संपत आली असता ऑस्टिन डिलन आघाडीवर होता. तेवढ्यात दुसऱ्याच गाड्यांना अपघात झाला, आणि शर्यत पुन्हा सुरू होताच जोई लोगानो पुढे निसटला. शेवटच्या फेरीत डिलनने त्याला मागून धडकून गरगर फिरवले, लगोलग डेनी हॅमलिनलाही भिंतीकडे लोटले आणि तो जिंकला! आयोजकांनी जय त्याच्याकडेच ठेवला, 25 गुण कापले आणि त्या जयाने मिळणारा विजेतेपदाच्या अंतिम टप्प्यातला प्रवेश काढून घेतला. म्हणजे दागिना चोराकडेच, फक्त मिरवायचा नाही! मला हे पटत नाही. धक्का खेळातला असेल तर फळ का हिरावले? नसेल, तर जय कसला?

हातचे गेलेलेच परत घेतो आहोत, असे डिलनला वाटले असेल. लोगानोपुरते ते समजूही. पण हॅमलिनने त्याचे काय घेतले होते?